सामाईक मूळ

ज्या वर्षी मेधा तिरोडकरांनी आपल्या उंडीच्या झाडाला पाण्याचा थेंब घातला नाही, त्याच वर्षी वसाहतीने त्यांना उत्तम झाडपालक म्हणून शाल दिली. शेजारचे शैलेश पेडणेकर सकाळ-संध्याकाळ आपल्या उंडीला पाणी घालत. त्यांना हलगर्जीपणाची नोटीस आली. तीही पहिली नव्हती.

शाल देताना सेक्रेटरी राहुल सामंत बरंच बोलले. ताईंचे यजमान सतीशराव यांचं आजारपण, मेधाताईंनी काढलेल्या खस्ता, आणि त्यांच्या माघारी ताईंनी झाडावर लावलेली माया. माया या शब्दाशी मेधाताईंनी खाली बघितलं. लोकांना तो विनय वाटला. पहिल्या रांगेत बसलेले पेडणेकर मात्र गालात हसत होते, आणि का हसत होते ते त्या वेळी कुणालाच, म्हणजे मेधाताईंनाही, कळलं नाही.

वेंगुर्ल्याच्या खाली, समुद्राला लागून असलेली ही ‘सिंधुसखा’ वसाहत एके काळी सरकारी नोकरांनी वसवली. कुणी बांधकाम खात्यातलं, कुणी विजेच्या, कुणी तहसीलमधलं. एका जुन्या वाडीचे तुकडे पाडून त्यांनी बंगले बांधले, प्रत्येकाने आपल्या तुकड्याभोवती चिऱ्याचा गडगा घातला, आणि मग सगळे मिळून म्हातारे झाले. वसाहतीत आजी-आजोबा म्हटलेलं कुणाला चालत नसे. पिंकीकाकू ऐंशीला टेकल्या तरी पिंकीकाकूच होत्या, आणि बंटीशेठ काठी घेऊन चालत तरी बंटीशेठच.

पाऊस यायचा बंद झाला होता असं नाही. यायचा, पण सगळा मिळून तीन-चार तडाख्यांत. दोन दिवस रस्ते लाल पाण्याखाली, तिसऱ्या दिवशी ते सगळं समुद्रात, आणि मग पुढच्या आषाढापर्यंत खारा, कोरडा वारा. माडांची शेंडी करपून गेली, फणस गेले, आंबे मोहर धरेनासे झाले. जी जुनी झाडं उरली त्यांच्या सावलीत भर दुपारी माणूस श्वास घेऊ शके, आणि सावलीबाहेर म्हातारी माणसं पटापट दगावू लागली. तेव्हा सरकारने सावलीचा कायदा केला. ज्याच्या आवारात जुनं झाड, तो त्याचा पालक. पालकाला गाव सोडायला दोनच वाटा: झाड आपल्या मरणाने मेलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या कुणीतरी पालकत्व घेतलं पाहिजे. एका माणसाला एकच झाड. आणि पालक न नेमता कुणी घराला कुलूप लावलं, तर अख्ख्या गल्लीचं झाडांचं पाणी कापलं जाई. त्यामुळे जाणाऱ्याला अडवायला सरकारी माणसाची गरज पडत नसे. गल्ली पुरेशी होती.

हा कायदा चालला तो कानपट्ट्यामुळे.

झाड आपल्यासारखं पाणी गिळत नाही. वर पानांतून पाणी उडून जातं आणि ती ओढ खाली मुळापर्यंत पोचते. बुंध्यात केसाहून बारीक नळ्या असतात, आणि प्रत्येक नळीत पाण्याची एक अखंड दोरी. जमीन कोरडी पडली तरी पानं ओढतच राहतात. दोरी ताणते, ताणते, आणि तुटते. तुटल्या जागी हवेचा बुडबुडा अडकतो आणि ती नळी निकामी होते. तुटताना टिच असा आवाज होतो, आपल्या कानांना न लागणारा. बुंध्याभोवती बांधलेला पट्टा तो टिपतो. टिचटिच वाढली की पट्ट्यावरचा दिवा हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल. पूर्वी वसाहतीत मुलांचे मार्क विचारत. आता सकाळी फिरायला निघालेली मंडळी दुसऱ्यांच्या गडग्यावरून दिवे बघत जात.

मेधाताईंचा दिवा बारमाही हिरवा होता आणि हेच त्यांचं दुखणं होतं.

कोल्हापुरात त्यांच्या धाकट्या बहिणीचा, नीलिमाचा, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट होता. दोन खोल्या, लिफ्ट, आणि घरात एक कुंडीसुद्धा नाही. मेधाताईंना त्या फ्लॅटची हीच गोष्ट सर्वांत आवडत असे.

“मेलं का गं?” नीलिमा रोज फोनवर विचारी.

“हिरवंगार आहे.”

“पाणी घालत नाहीस ना पण?”

“थेंब नाही.”

“काय चिवट झाड आहे. सतीशरावांवर गेलंय.”

यावर दोघी हसत, आणि हसण्याच्या शेवटी मेधाताईंना धाप लागे. सतीशराव खरंच चिवट निघाले होते. पक्षाघातानंतर डॉक्टरांनी जेवढी मुदत दिली होती तिच्या कितीतरी पुढे ते गेले. आणि त्या सगळ्या काळात कूस बदलणं, अंग पुसणं, चमच्याने भरवणं एका माणसाचं काम होतं. लोक येत, “तुमचं कौतुक आहे,” म्हणत आणि चहा पिऊन जात. कौतुक करणाऱ्यांपैकी कुणी एक रात्र बसायला आल्याचं मेधाताईंना आठवत नव्हतं. पेडणेकर सोडून. ते बसत. काही उपयोगाचे नव्हते, पण बसत.

सतीशराव गेले आणि मेधाताईंना वाटलं, सुटले. तेव्हा पट्टा आला.

म्हणून त्यांनी ठरवलं की झाडाला आपल्या मरणाने मरू द्यायचं. वापरलेलं पाणी शुद्ध करून वसाहत ते नळाने झाडांना पाळीपाळीने सोडत असे. मेधाताई आपल्या पाळीला नळीचं तोंड मागच्या गटारात सोडत. गटार परत त्याच टाकीला जाऊन मिळे. म्हणजे पाणी जिथून आलं तिथे गेलं, कुणाचं काही बुडालं नाही. फक्त वाटेत झाडाला भेटलं नाही. उन्हाळा गेला, दुसरा आला. उंडीची जाड चकचकीत पानं तशीच चमकत राहिली. वर ती फुलली, आणि गल्लीभर वास सुटला तेव्हा सामंतांच्या मनात शाल आली.

तिसरी नोटीस घेऊन वृक्षविभागाची इरा धुरी आली ती संध्याकाळी, चहाच्या वेळेला. ही वेळ ठरलेली होती. मेधाताई आपल्या बाजूने कप गडग्यावर ठेवत, पेडणेकर आपल्या बाजूने उचलत, आणि गडगा मध्ये ठेवून दोघं उभ्याने चहा पीत. सतीशराव असल्यापासूनची पद्धत होती. मधे गडगा असल्यामुळे वसाहतीला बोलायला जागा नव्हती. तरी वसाहत बोलत असे.

“काका, दिवा लालच्या जवळ आलाय,” इरा म्हणाली. “तुम्ही पाणी घालता, मीटरवर दिसतंय. मग जातं कुठे?”

“मला काय विचारतेस? झाडाला विचार. तुझ्या पट्ट्याला बोलता येतं म्हणे.”

“मागच्या वेळीच म्हटलं होतं, खणून बघू. तुम्ही नको म्हणालात.”

“खणून काय बघायचं?” गडग्याच्या पलीकडून मेधाताईंनी विचारलं.

इराने मान वळवली. एकाच जातीची दोन जुनी झाडं जवळ असली, की कधी कधी मुळं एकमेकांवर घासत वाढतात, असं तिने सांगितलं. साल झिजते आणि आतलं लाकूड एकजीव होतं, कलम बांधल्यासारखं. या दोन्ही उंड्या वसाहतीच्या आधीच्या, गडगा मागाहून आला. “तो वर आहे, काकू. खाली जमिनीत गडगा नाही.”

“म्हणजे यांच्या झाडाचं पाणी माझं झाड पितं?”

“तसंच वाटतंय.”

“मग ते मूळ तोडता येतं?”

“येतं. अर्ज द्यावा लागेल.”

“देते,” मेधाताई म्हणाल्या. “आत्ताच देते.”

पेडणेकरांनी चहाचा घोट घेतला आणि समुद्राकडे बघत राहिले. इरा अर्ज घेऊन गेली तरी ते बघतच होते.

“भावजी,” मेधाताई म्हणाल्या, “तुम्हाला ठाऊक होतं.”

“अंदाज होता.”

“मग नोटिसा कशाला घेत बसलात? खणू द्यायचं होतं.”

“खणलं असतं तर तोडलं असतं. तोडलं असतं तर तुमचं वाळलं असतं.”

“वाळूच द्यायचं होतं मला ते.”

“ते ठाऊक आहे मला.” त्यांनी कप गडग्यावर ठेवला. “तुमच्या पाळीला मागच्या गटाराला पाणी येतं, वहिनी. माझी न्हाणी तिथेच आहे. मी आंघोळ करताना ऐकतो. तीर्थाची धार पडते तशी पडते.”

मेधाताईंनी मागच्या गटाराकडे बघितलं.

“मी म्हटलं, यांचं झाड गेलं की या जाणार. आपण आपल्या बाजूने दोन बादल्या जास्त घालू. जाईल खालून तिकडे.”

“म्हणजे तुम्ही मला बांधून ठेवलंत.”

“बांधलं कुठे? पाणी घातलं.”

“एकच आहे ते.”

“असेल,” पेडणेकर म्हणाले. “सतीश गेल्यावर माझ्याशी बोलायला कोण उरलं होतं? सामंत? त्यापेक्षा नोटीस बरी. ती लवकर संपते.”

मेधाताईंना राग यायला हवा होता तेवढा आला नाही. रागालाही अंगात बळ लागतं. त्यांनी दोन्ही कप उचलले, आत नेऊन विसळले, आणि ओट्याला टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या. या माणसाने आपल्याला इतके दिवस अडवलं, आणि तेसुद्धा आपल्यासाठी खर्च करून, हे कुठल्या बाजूला मांडावं ते त्यांना कळेना. सतीशरावांच्या आजारपणापासून त्यांना एक सवय लागली होती: कुणी काही चांगलं केलं, की त्याच्यामागून आपल्यावर कुठलं काम येतंय ते आधी बघायचं. इथे काम आधीच येऊन बसलं होतं.

चार माणसं आली, गडग्याचे मधले चिरे काढले आणि खाली खणलं. मांडीएवढं जाड मूळ निघालं. मधोमध एक गाठ, आणि गाठीच्या दोन्ही बाजूंना लाकूड इतकं सारखं, की कुठे एक झाड संपतं आणि दुसरं सुरू होतं ते दाखवता येत नव्हतं. सगळी गल्ली बघायला आली. पिंकीकाकू म्हणाल्या, “अगो बाई, यांचं आधीपासूनच होतं म्हणायचं.” आणि वसाहत पोट धरून हसली.

करवत आणली होती, पण इराने हात वर केला. तोडायच्या आधी मोजायचं असा नियम होता. मुळावर तिने तीन बारीक सुया टोचल्या. मधली सुई मुळाला जराशी ऊब देते, अगदी कढत नव्हे, कपाळावर हात ठेवल्याएवढी. आत पाणी ज्या दिशेने चाललं असेल त्या दिशेला ती ऊब वाहून जाते, आणि ज्या बाजूची सुई आधी तापते त्या बाजूला पाणी जातंय असं समजायचं. हे यंत्र दिवसरात्र चालू ठेवायचं होतं.

“मला काय ते माहीत आहे,” मेधाताई म्हणाल्या. “त्यांच्याकडून माझ्याकडे. लवकर आटपा.”

“आटपते काकू.”

मधल्या दिवसांत गडग्याला भगदाड पडलेलं होतं, आणि गंमत म्हणजे चहा बंद होता. कप ठेवायला गडगा उरला नव्हता, आणि भगदाडातून पलीकडे जायचं कसं हे दोघांनाही सुचत नव्हतं. मेधाताईंनी कपाट आवरायला घेतलं. नीलिमा फोनवर म्हणाली, “येताना उंडीची फुलं आण चार, वासाला.” मेधाताई म्हणाल्या, “तुझ्या घरात झाडाचं पान आलं तर मी परत फिरेन.”

मग एका दुपारी इरा आली ती सरळ मेधाताईंच्या पडवीत. चेहरा जरा विचित्र होता.

“काकू, तुमच्या आवारात विहीर आहे?”

“होती.”

“बुजवली?”

“झाकली. गाडीची शेड आहे ना, तिच्याखाली.”

नळ आला तेव्हा वसाहतीत विहीर झाकणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली होती. ज्याच्या विहिरीवर स्लॅब पडला, तो पुढारलेला. सतीशरावांनी पहिला नंबर लावला. विहिरीला नारळ वाहिला, वर स्लॅब घातला, स्लॅबवर मोटार उभी केली, आणि शेजाऱ्यांना पेढे वाटले. पुढे मोटार गेली, सतीशराव गेले, आणि खाली विहीर आहे हे मेधाताईंच्याही ध्यानातून गेलं. ध्यानात राहिलं ते फक्त झाडाच्या.

माणसांनी स्लॅबचा एक कोपरा उचकटला तेव्हा आतून गारवा आला. इराने दोरीला बाटली बांधून पाणी काढलं, यंत्रात धरलं, मग घोटभर प्यायली.

“गोडं आहे,” ती म्हणाली. “आजूबाजूच्या सगळ्या विहिरी उपसून उपसून खाऱ्या झाल्या. ही कुणी उपसलीच नाही. पावसाचं पाणी मुरत राहिलं आणि खाऱ्यावर तरंगत राहिलं.”

पेडणेकर भगदाडातून इकडे आले होते. पहिल्यांदाच, एरवी ते फाटकातून येत. इराने दोघांना पडवीच्या पायरीवर बसवलं आणि सांगितलं.

दिवसा, ऊन असताना, पेडणेकरांच्या बाजूने मेधाताईंच्या झाडाकडे थोडं पाणी जात होतं. हे खरंच होतं. पण सूर्य मावळला की पानांची ओढ थांबते, आणि मग पाणी जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे आपसूक जातं. मेधाताईंच्या उंडीची मुळं विहिरीच्या तळापर्यंत उतरलेली. रात्रभर ती खालून पाणी वर आणत, आणि ते या जोडमुळातून पलीकडे जाई. दिवसा येणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट. “काकांच्या झाडाची समुद्राकडची मुळं मिठाने कधीच गेलीयेत. ते वरून घातलेल्या पाण्यावर जगत नाहीये. काकूंच्या झाडावर जगतंय.”

“आणि तोडलं तर?” मेधाताईंनी विचारलं.

“तोडलं तर तुमच्या झाडाला काहीच होणार नाही. उलट सुधारेल. तुमच्यामागेही उभं राहील, माझ्यामागेही. काकांचं शिमग्यापर्यंत जाईल.”

पेडणेकर हसले, आणि बराच वेळ आवाज न करता हसत राहिले.

“म्हणजे मी इतके दिवस तुमचं झाड जगवतोय समजत होतो.”

“आणि मी मारतेय समजत होते,” मेधाताई म्हणाल्या. त्यांना हसू आलं नाही. एवढ्या चिकाटीने आयुष्यात त्यांनी एकच वाईट काम करायला घेतलं होतं, आणि तेही झालं नव्हतं.

इराने नियम सांगितला, कारण सांगणं तिचं काम होतं. मूळ तोडलं तर पेडणेकरांचं झाड जाईल आणि ते मोकळे. हैदराबादला मुलाकडे जायचं तर जाऊ शकतील. मेधाताईंचं झाड निरोगी, म्हणून त्या बांधील. मूळ न तोडता ठेवलं तर जुळलेली झाडं कागदोपत्री एकच झाड धरतात. एकच झाड, एकच पालक.

“म्हणजे यांनी घेतलं तर मी सुटते,” मेधाताई म्हणाल्या.

“हो. आणि दुसरं कुणी घेऊ शकत नाही. बाकी सगळ्यांना आपापलं आहे.”

पेडणेकर उठले. कमरेला हात लावून जरा उभे राहिले, आणि ‘बघू’ इतकंसुद्धा न म्हणता भगदाडातून घरी गेले. मेधाताईंनी हाक मारली नाही. मागून घेणं त्यांना कधी जमलं नव्हतं. सतीशरावांच्या वेळीही एखादी रात्र कुणी बसेल का, हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. न विचारता कुणी देईल म्हणून त्या वाट बघत बसल्या, आणि वाट बघण्यातच त्यांची उमेद सरली.

रविवारी वसाहतीच्या हॉलमध्ये सभा झाली. पहिला अर्धा वेळ शाल परत घ्यायची की नाही यात गेला. बंटीशेठांचं म्हणणं, शाल विहिरीला द्यावी. सामंत म्हणाले, एकदा दिलेली शाल परत घ्यायची आपल्यात पद्धत नाही, पण इतिवृत्तात खुलासा टाकू. मग मुख्य मुद्दा आला. मूळ तोडू नये यावर सगळ्यांचं लगेच एकमत झालं, कारण दोन्ही उंड्यांची सावली गल्लीवर पडत होती. मेधाताईंनी राहावं यावरही जवळजवळ एकमत होतं. दुसऱ्याची वर्षं वाटून टाकायला माणसं मोठी उदार असतात.

“तिला आता सवय झाली आहे,” पिंकीकाकू म्हणाल्या. “पाणी तर घालायचंच नाही. नुसतं राहायचं. त्यात काय एवढं?”

“आणि कोल्हापुरात काय ठेवलंय?” कुणीतरी मागून म्हणालं. “इथे निदान आपली माणसं आहेत.”

मेधाताई उभ्या राहिल्या. सामंतांनी त्यांच्याकडे माईक सरकवला. तो त्यांनी बाजूला केला.

“मी थकले आहे,” त्या म्हणाल्या.

समोरच्या रांगांवरून त्यांनी एकदा नजर फिरवली.

“तुम्ही म्हणाल, सगळेच थकलोय. असाल. मला आता कुणाला पाणी घालायचं नाही, झाडाला नाही, माणसाला नाही. मला सकाळी उठून कुणी जगलंय की नाही ते बघायचं नाही. इतकी वर्षं मी तेच बघत उठते. आधी ह्यांची छाती हलतेय का बघायची, मग दिवा हिरवा आहे का बघायचा. झाडाने माझं काही वाईट केलेलं नाही. उलट मीच त्याचं करायला गेले. पण मला जायचं आहे. एवढंच.”

त्या बसल्या. सामंतांनी कागद उलटसुलट केले आणि मऊ आवाजात म्हणाले, “सगळं मान्य आहे ताई. पण पालक कोण?”

“माझं नाव घाल,” पेडणेकर म्हणाले.

“दोन्हींना?”

“एकच आहे ना ते? मग एकदाच घाल.”

“अहो, पण अमेय तुम्हाला हैदराबादला बोलावतोय. मूळ तोडलं तर तुम्ही सुटता, हे लक्षात येतंय ना?”

“येतंय. अमेय बोलावतो, मनापासून बोलावतो. बोलावण्यात त्याला बरं वाटतं. मी खरंच गेलो तर पोराची पंचाईत होईल.”

हॉल हसला, आणि हशातच सामंतांनी नाव लिहून घेतलं.

परत येताना ऊन कलत होतं. दोघं रस्त्याच्या सावलीच्या बाजूने चालले, कारण सगळेच तसे चालत. पेडणेकरांच्या गुडघ्यासाठी मेधाताईंनी चाल कमी केली, मग आपण चाल कमी केलीय हे लक्षात येऊन त्यांना स्वतःचाच कंटाळा आला.

“का घेतलंत?” त्यांनी विचारलं.

“घेतलं.”

“भावजी, नीट सांगा.”

“नीट सांगू?” ते थांबले. “मी पाणी घालून तुम्हाला अडवत होतो तोपर्यंत ठीक होतं. निदान मी काहीतरी करत होतो. रोज दोन बादल्या माझ्या जात होत्या. आता कळलं की ते झाड आपसूकच उभं राहणार, सतीशच्या विहिरीवर, आणि तुम्ही अडकणार. म्हणजे माझं काही न जाता मला चहा मिळत राहणार. ते मला बघवलं नसतं.”

“आणि सभेत मी जे बोलले?”

“ते पण.” पेडणेकर पुन्हा चालू लागले. “मी सतीशजवळ बसायला यायचो ना, तेव्हा तुम्ही आत जाऊन झोपायच्या ऐवजी माझ्यासाठी पोहे करायचात. तेव्हा मला वाटायचं, काय बाई आहे, दमतच नाही. मी पोहे खायचो.”

फाटक आलं. भगदाडातून दोन्ही आवारं एकच दिसत होती. गडगा परत घालायची आता गरज नव्हती आणि कुणी घालणारही नव्हतं.

“चहाचं काय करणार आहात?” त्यांनी विचारलं.

“करीन. येतो मला.”

“येतो?”

“आधीपासून येतो. बरा होतो. माझ्यात आलं जास्त असतं.”

“मग इतकी वर्षं बोलला नाहीत?”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत,” पेडणेकर म्हणाले, आणि आपल्या दाराकडे वळले.

पुढच्या आठवड्यात सकाळी लवकर मेधाताईंची गाडी आली. सामान फार नव्हतं. सामंतांनी निरोपाचं भाषण करायची तयारी ठेवली होती, पण मेधाताईंनी वेळ एक तास उशिराची सांगितली होती. घराची किल्ली त्यांनी पेडणेकरांच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. ते बाहेर आले नाहीत. त्यांच्या पाळीचं पाणी सुटलं होतं, आणि झाडांमागून नळीचा आवाज येत होता. हाक मारली असती तर ते आले असते. मग दोन शब्द बोलावे लागले असते, त्यांना बरं वाटावं म्हणून हसावं लागलं असतं. मेधाताईंनी ते सगळं मनात करून बघितलं, आणि गाडीचं दार उघडून बसल्या.

गाडी वसाहतीच्या फाटकातून बाहेर पडली तेव्हा आपण मागे वळून बघू असं त्यांना वाटलं होतं. मान सीटला टेकली होती आणि ती उचलायचं कारण नव्हतं. कुणाला कुशीवर वळवायचं नव्हतं, कुठला दिवा बघायचा नव्हता. पेडणेकरांच्या गुडघ्याचं पुढे कोण बघणार, हा विचार सावंतवाडीच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांच्याबरोबर होता. मग तोही मागे पडला.

घाट सुरू व्हायच्या आधी ड्रायव्हरने आरशात बघत विचारलं, “काकू, काच लावू का? वर गार लागेल.” दुसऱ्यांदा विचारलं. मग त्याने मागे वळून बघितलं, स्वतःच काच लावली, आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून वळणं जरा हळू घेतली.